मुदत बिलाच्या तारखेपासून मोजा

शिरूर तालुक्यातले एक अंडी उत्पादक विचारतात: 3,000 लेअर पक्षी, घरचीच माणसं राबतात, खाद्य घरीच दळतात. कंपनीच्या प्रतिनिधीच्या सांगण्यावरून खाद्यात फायटेज (फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम) घातलं आणि डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरस-कॅल्शियमची खनिज पूड) कमी केलं. काही आठवड्यांतच कवच पातळ पडलं, फुटीची अंडी वाढली. प्रतिनिधी फोनवर ‘पुढच्या बिलात वळतं करतो’ म्हणत राहिला. असे 22 महिने गेले. आता ग्राहक आयोगात जाता येईल का? बियाणं, खतं, लसी यांबद्दलही असेच प्रश्न सतत येतात.

जाता येईल, पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 तक्रारीला कारण घडल्यापासून दोनच वर्षं देतं. फोनवरच्या आश्वासनांनी ती मुदत वाढत नाही. कंपनी ती बिलाच्या तारखेपासून मोजेल, म्हणून तुम्हीही तिथूनच मोजा. कदाचित दोन महिनेही उरले नसतील. विलंबमाफीची सोय आहे, पण ‘विक्रेता गोड बोलत होता’ एवढ्यावर ती मिळेल असं धरून बसू नका.

22 महिन्यांत एक ओळ लेखी पाठवली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं आणि रागही येतो. मका-सोयापेंडीतला फॉस्फरस बराचसा फायटेट या कोंबडीला नीट न पचणाऱ्या संयुगात अडकलेला असतो. फायटेज तो मोकळा करतं, म्हणून तर डीसीपी कमी करतात. पण एन्झाइम हे प्रथिन. उष्णतेनं आणि ओलीनं त्याचा जोर जातो. तेव्हाच सीलबंद नमुना तपासला असता तर वाद तिथेच मिटला असता. आज फोडलेल्या गोणीतला नमुना कमी भरला, तर कंपनी तुमच्या शेडमधल्या साठवणीकडे बोट दाखवेल.

त्यामुळे आता सगळी भिस्त प्रतिनिधीच्या त्या व्हॉट्सॲप संदेशावर, ज्यात डीसीपी किती किलो कमी करायचं ते लिहिलंय. तो मोबाईल बदलू नका.

‘व्यापारी उद्देश’, म्हणजे धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, हा आक्षेप येणारच. कलम 2(7) च्या खुलाशात स्वयंरोजगारातून पोट भरणारा ग्राहकच ठरतो. तुमच्या बाबतीत ते टिकेल असं वाटतं, खात्री देत नाही. दिवाणी दाव्याला तीन वर्षं मिळतात, पण खर्च आणि तारखा दोन्ही जास्त. आयोगानंही कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत, मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा असतो. प्रत्यक्षात वर्षं जातात.

या आठवड्यात स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, पण उत्तराची वाट बघत तक्रार थांबवू नका. बिलं, अंड्यांची रोजची वही आणि बॅच नंबर दिसेल अशी ती गोणी, आहे त्या स्थितीत घेऊन या.