कुंडीतलं झाड आणि रोजचं पाणी

प्रश्न : सलाम. मी भुसावळला तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनी पश्चिमेची. शेतातली काळी माती आणून टोमॅटो आणि वांगी लावली. रोज पाणी घालूनही झाडं दुपारी माना टाकतात आणि टोमॅटोची फुलं गळतात. मनाचंही तसंच झालंय. रविवारी उपासनेत भरून येतं, बुधवारपर्यंत सगळं कोरडं. शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं रोजचं वाचन, आठवड्याच्या पुढे टिकत नाही. काय चुकतं?

उत्तर : ताई, आधी कुंडी पाहू. शेतात सोनं असलेली काळी माती कुंडीत एकटी चालत नाही. ओली असताना चिकटून हवा कोंडते, सुकली की आकसते. सुकलेल्या कुंडीच्या कडेला बोट लावून पाहा, माती आणि कुंडीच्या मधे फट सापडेल. ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत उतरतं आणि मुळांभोवतीचा गोळा कोरडाच राहतो. ताटली भरली म्हणजे झाड प्यालं, असं आपल्याला वाटतं.

आज ती कुंडी टबातल्या पाण्यात अर्धा तास बुडवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. पुढच्या लावणीला चाळलेली काळी माती, कोकोपीट आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समान घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड. कुंडी १५ ते २० लिटरची, तळाला बोट जाईल अशी चार-पाच भोकं. मातीवर वाळलेल्या केळीच्या पानांचा दोन इंच थर द्या. आपल्याकडे ती हवी तेवढी मिळतात. मार्च ते जून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा. पाणी सकाळी आठच्या आत, मे महिन्यात संध्याकाळीही. पण एक इंच खाली बोटाला ओल लागली तर थांबा. भिजलेली २० लिटरची कुंडी २५ किलोच्या आसपास भरते, ती कठड्यावर नको, भिंतीलगत ठेवा.

फुलगळीचं कारण वेगळं. दिवसा ३५ अंशांच्या वर तापमान गेलं आणि रात्रही गरम राहिली की टोमॅटोचे पराग निकामी होतात. खत वाढवून फळ धरत नाही. रोपं ऑगस्ट-सप्टेंबरात लावा. उन्हाळ्यात भेंडी, गवार घ्या.

आता मनाचं. शेतातलं झाड ओल शोधत मुळं खोल नेतं, कुंडीतल्याला ती सोय नाही. त्याला थोडंच, पण रोज द्यावं लागतं. तुमची रविवारची उपासना खोटी नाही. सहा दिवस आकसलेल्या मनाच्या कडेनं ती निघून जाते, एवढंच. म्हणून पाणी घालायची आणि शास्त्राची वेळ एकच ठेवा. बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे त्यानं लिहिलेलं येशूचं चरित्र, घ्या. रोज दहा-बारा वचनं, मोठ्यानं, सावकाश. सोळा अध्याय दोनेक महिन्यांत होतात. त्यातलं एक वचन कागदावर उतरवा आणि त्याच शब्दांत दोन ओळींची प्रार्थना करा. एका बैठकीत तीन अध्याय वाचायचा निश्चय केला की तो लवकर मोडतो. खंड पडला तर मागचं भरून काढू नका, त्या दिवसाचं वाचा. फारच कोरडं वाटलं तर एखाद्या संध्याकाळी फोन बंद ठेवून तासभर निवांत बसा. टबातली कुंडी तीच.

आणि बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या पहिल्या स्तोत्रातलं झाड आपल्या हंगामात फळ देतं, बारा महिने नव्हे. घरात आजारपण किंवा दुःख असताना फळ दिसलं नाही, तर स्वतःला दोषी धरू नका. त्या दिवसांत मुळं जगली तरी पुष्कळ.

प्रश्न : धुळ्यात गच्चीवर अंजीर आहे. तीन वर्षं पानंच पानं, फळ नाही. लूकाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायातला निष्फळ अंजिराचा दृष्टान्त आठवतो आणि भीती वाटते.

उत्तर : त्या दृष्टान्तात तीन वर्षं फळ न दिलेलं अंजीर मालक तोडायला सांगतो, तेव्हा माळी आणखी एक वर्ष मागतो आणि लगेच काम सांगतो : भोवती खणीन, खत घालीन. प्रभूनं हा दृष्टान्त पश्चात्तापाच्या संदर्भात सांगितला. त्यात इशारा खराच आहे, पण कुऱ्हाडीच्या आधी माळ्याची विनंती आहे, ती वाचायला विसरू नका.

झाडाला युरिया बंद करा, नत्र जास्त झालं की पानंच येतात. सहा तास ऊन हवं. मुळं कुंडीभर गुंडाळली असतील तर झाड बाहेर काढून कडेची इंचभर मुळं छाटा आणि १८ इंची कुंडीत नव्या मातीत बसवा. फळ नव्या फुटीवर धरतं, तेव्हा फांद्या एक तृतीयांश छाटा. चिकानं त्वचेला खाज सुटते, हातमोजे घाला.