हिरवा चुडा, हळद, भजन ठेवून ख्रिस्ती राहता येतं का? मी राहतेय

प्रश्न असा आहे: "मी इंदूरचा मराठी मुलगा. घरी दरवर्षी गणपती बसतो. माझा येशूवर विश्वास बसलाय, पण आपले सण, भजन, राहणी सोडायची नाही. असं चालतं का?"

चालतं. ज्यांना चालत नाही असं वाटतं त्यांनी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय १५ काढून वाचावा. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांची सुंता करायची की नाही, यावर यरुशलेमेत जोरदार वाद झाला आणि नाही करायची असं ठरलं. ग्रीक माणसाला यहुदी व्हावं लागलं नाही, मग मराठी माणसाने साहेब कशासाठी व्हायचं?

खरं तर इथेच थांबता आलं असतं, पण प्रश्न वाचला आणि आमचे थोरले मामा आठवले.

आईचं माहेर मूळचं नगर जिल्ह्यातलं. आजोबा इंदूरला कापड गिरणीत लागले आणि मालवा मिलच्या बाजूला बिऱ्हाड थाटलं. इथली मंडळी, म्हणजे चर्च, हिंदीतलं, त्यामुळे रविवारी प्रार्थना हिंदीत आणि घरी आल्यावर सगळं मराठीत. आजी दळताना येशूच्या ओव्या म्हणायची. नाताळला करंज्या, चकल्या, चिवडा आणि दारावर चांदणीचा कंदील. यात काही जपतोय असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आमचं घर तसंच होतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा हळद, हिरवा चुडा, शालू आणि मंगळसूत्रात दोन वाट्यांच्या मधे छोटा क्रूस, असं सगळं ठरलं. पाळकसाहेबांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, देवासमोर वचनं द्या-घ्या, बांगड्यांचा रंग मी रजिस्टरात लिहीत नाही. मामा मात्र त्या सुमारास एका नव्या फेलोशिपला, म्हणजे वेगळ्या प्रार्थना-गटाला, जायला लागले होते. हळदीच्या दिवशी कासार माझ्या हातात बांगड्या भरत होता, तेव्हा सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "ही मूर्तिपूजकांची चाल आहे. उतरव त्या."

कासार बिचारा थांबला. आजी पाटावर बसली होती, म्हणाली, "भर रे तू." मग मामांकडे वळून, "तू जन्मलास तेव्हा माझ्या हातात ह्याच होत्या. तुला कुठे काय बाधलं?"

संध्याकाळी अंगणात पेटी, तबला, टाळ निघाले आणि 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं झाली. मामा तिथूनही उठले. म्हणे हे वारकऱ्यांचं. आता यावर काय बोलावं! टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो हे ते स्वतःच सांगायचे. त्यांच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्याने येशूचं सगळं चरित्र मराठी ओव्यांत छापलं. इंग्रजाला ओवी चालली, आमच्या मामांना चालेना. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण तिथेही मांसमच्छीला हात लावला नाही, त्याबद्दल टोमणे ऐकून घेतले.

लग्नाला मामा आले. मे महिन्यात कोट-टाय घालून मागच्या बाकावर बसले आणि न जेवता गेले. पुढे त्यांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा भाड्याचा पांढरा गाऊन, तोंडावर जाळी आणि तीन मजली केक. मी जेवले, केकही खाल्ला. पण मामा, पांढरा गाऊन कुठल्या शुभवर्तमानात आहे? त्याची फॅशन १८४० साली व्हिक्टोरिया राणीने लग्नात घातला तेव्हापासून पसरली. राणीचं ते ख्रिस्ती आणि माझ्या आजीचं ते मूर्तिपूजकांचं, हा न्याय मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही.

तुमच्या गणपतीचं विचाराल तर ते चुड्याइतकं सोपं नाही. बांगडी हा दागिना आहे, आरती ही पूजा आहे. मी स्वतः आरती म्हणत नाही. शेजाऱ्यांकडे जाते, बसते, मोदक खाते. प्रसाद खावा की नाही यावर प्रेषित पौलाने बायबलमधल्या करिंथकरांच्या पत्रात लिहिलंय, तेही वाचा. आई-वडिलांसाठी उभं राहावं लागलं तर बायबलमधल्या '२ राजे' या पुस्तकाच्या अध्याय ५ मधला अरामी सेनापती नामान बघा. राजासोबत त्याच्या रिम्मोन देवाच्या देवळात वाकावं लागेल, त्याची क्षमा असावी, असं त्याने अलीशा संदेष्ट्याला आधीच सांगितलं. अलीशा रागावला नाही, शांतीने जा म्हणाला. यापुढचं तुमच्या घरचं तुम्हाला माहीत.

हे आधी सांगायला हवं होतं: बाप्तिस्म्याची घाई करू नका. मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात धर्म बदलण्याच्या ६० दिवस आधी कलेक्टरकडे लेखी कळवायची तरतूद आहे. त्यावरून कोर्टकज्जेही झालेत, तेव्हा वकिलाला विचारूनच पाऊल टाका. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच लागू आहे. ख्रिस्ती झालात की सवलती जातात.

आणि 'आपली संस्कृती' म्हणताना कुणाची, तेही बघा. टिळक ब्राह्मण होते. नगरकडचे बहुतेक ख्रिस्ती महार-मांग वस्त्यांतून आले, आम्हीही त्यातलेच. ओवी, टाळ, चुडा आम्ही ठेवला, पण गावकुसाबाहेरचं घर ठेवायला कुणी ख्रिस्ती झालं नव्हतं. सोडायचंच असेल तर आधी जात सोडा. मामांच्या फेलोशिपमध्ये बांगड्यांवर उपदेश होतो, यावर होत नाही. परवा माझ्या लेकीसाठी मामांनीच तिथलं एक स्थळ सुचवलं. मुलाकडच्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही मूळचे कोण?" मामांनी खाली मान घालून सांगितलंसुद्धा. मी फोन ठेवला.