रिसॉर्टात तो दमतो, मुंबईत ती

सुट्टीत समुद्रकाठच्या रिसॉर्टात जाऊन पडायचं की मुंबईसारखं मोठं शहर पालथं घालायचं, यावरून नवरा-बायकोत जुंपणं काही नवं नाही. भांडणाच्या शेवटी ‘आपलं मुळातच पटत नाही’ हे वाक्य आलं, की माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात. फोंड्याच्या बाजूचं एक जोडपं असंच आलं होतं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. तो दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टात फ्रंट ऑफिसला, ती पतसंस्थेत. मुलगी दहा वर्षांची, घरात सासूबाई.

तिला रिसॉर्ट हवा होता, त्याला मुंबई.

“सगळं जग गोव्यात येऊन लोळतं, मॅडम,” ती म्हणाली. “मी रिसॉर्ट पाहिलाय तो सिक्युरिटीच्या केबिनपर्यंत. ह्यांना आणायला जाते तेव्हा.”

“अगो, बघण्यासारखं काय आहे तिथं? पाणी नि खुर्च्या,” तो म्हणाला.

एक वर्ष तुझं, एक वर्ष माझं, हा तोडगा त्यांनी करून पाहिला होता. बहुतेक जोडपी तिथंच पोचतात. मला तो फारसा पटत नाही. हिशेबाला चोख असतो, पण दर वर्षी दोघांपैकी एक जण नुसता सोबतीला गेल्यासारखा जातो, आणि आपली पाळी आली की मागची वसुली करतो.

मी दोघांना एकेक कागद दिला. जी जागा आपल्याला नको आहे, तिथला सुट्टीचा एक दिवस लिहायचा. डोळे उघडल्यापासून झोपेपर्यंत, तासातासानं, कुठलं काम कोण करतंय त्यासकट. ‘मजा’ आणि ‘कंटाळा’ हे शब्द वापरायचे नाहीत. दोघांचं लिहून होईपर्यंत एकमेकांना दाखवायचं नाही.

तिची मुंबई डोंबिवलीत होती, नणंदेच्या वन-बीएचकेमध्ये. साडेपाचला पाणी येतं म्हणून उठणं. कणीक आपण मळणं, कारण नणंद कामाला जाणार आणि आपण नुसतं बसलेलं बरं दिसत नाही. सगळ्यांच्या आंघोळी, डबे. दहाच्या लोकलमध्ये मुलीला छातीशी धरून उभं राहणं. गेटवे. संध्याकाळी तीच गर्दी उलट्या दिशेनं. रात्री भांडी. शेवटी एक ओळ होती: ‘झोपायला हॉलमध्ये गादी, टीव्ही बंद झाल्यावर.’

त्याच्या कागदावरचा रिसॉर्ट असा: ‘दोन वाजता चेक-इन. रांगेत चार फॅमिली, काउंटरवर एकच पोरगा. आत जाऊन त्याला हात द्यावा असं वाटेल. रूममध्ये गेल्यावर आधी एसीचा फिल्टर बघेन. बफेमध्ये सकाळचं काय फिरवून ठेवलंय ते कळेल. कोणीतरी गेस्ट स्टाफवर ओरडेल. मी मान खाली घालेन.’

ओरडा त्याला नव्हताच, तरी मान त्याची खाली. मी त्या ओळीवर थांबले. बायकोही थांबली. इतक्या वर्षांत त्यानं हे घरी कधी सांगितलं नव्हतं.

आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदऱ्यांबद्दल लिहिताना या कष्टांना नाव दिलं. मनात काही असो, चेहरा हसरा ठेवायचा आणि त्याचाच पगार घ्यायचा, हे भावनिक श्रम. सीझनभर रिसेप्शनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २००७ मध्ये सबीने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या संशोधक बाईंनी कामाचा शीण उतरायला लागणाऱ्या चार गोष्टी मांडल्या: कामापासून मन सुटणं, शरीराला आणि मनाला सैलपणा मिळणं, काहीतरी नवं करून पाहणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. समुद्र किंवा शहर त्यात कुठंच येत नाही. रिसॉर्टात त्याचं मन कामापासून सुटणार नव्हतं. डोंबिवलीत तिचा वेळ तिच्या हातात नव्हता. मुंबईच्या गर्दीत आपल्या चेहऱ्याकडे कोणी बघत नाही, हेच त्याला हवं होतं. तिला हवं होतं ते समोर आलेलं ताट, आणि खाऊन उठल्यावर ते उचलणारं दुसरं कोणीतरी.

म्हणजे तिचा राग मुंबईवर नव्हताच. गावच्या उत्सवातल्या नाटकात लहानपणी कामं केलेली बाई ती. आपल्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या नावाचं नाट्यगृह पार्ल्यात आहे, तिथं प्रयोग बघायची इच्छा तिनं बोलताबोलता सांगितली. मग मुंबईत नणंदेकडेच का उतरायचं? इथं खरी गाठ होती. पैसा हे एक कारण. दुसरं सासूबाईंचं: “सख्खी बहीण असताना लॉजवर राहणार? लोक काय म्हणतील?” आमच्याकडे पाहुण्यानं नातेवाइकाचं घर टाळलं की तो अपमान धरला जातो, आणि त्याचं खापर सुनेवर फुटतं. म्हणून बहिणीला फोन त्यानंच करायचा, असं मी सांगितलं. बायकोनं आडून सुचवायचं नाही, आईकडून निरोपही नको. दोन आठवडे त्यानं टाळाटाळ केली. शेवटी केला, तर बहीण म्हणाली, “बरं झालं रे. तुम्ही आलात की मलाही रजा टाकावी लागते.” एका जेवणाला ये, एवढंच तिचं म्हणणं.

बाकीचं पटापट ठरलं. त्याला रजा मिळते ती पावसात. ऑक्टोबर ते मार्च हॉटेलवाल्यानं रजेचं नाव काढायचं नाही, नाताळात तर नाहीच. पंधरा ऑगस्टला जोडून दिवस मिळाले. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक निराळं असतं, दरडींच्या भीतीनं गाड्या सावकाश चालवतात. म्हणून जायचा नि यायचा दिवस फिरण्यात धरायचा नाही असं ठरवलं. घारापुरीची लेणी यादीतून गेली, कारण तिथल्या लाँचा त्या दिवसांत हवामानावर अवलंबून, आणि सोमवारी लेणी बंदच. काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ठेवलं. लोकांसाठी ते १९२२ पासून उघडं आहे, आणि छत्री मिटून अख्खा दिवस जातो. पार्ल्याला नाटक. हॉटेल दादरला, नाश्त्यासकट. खर्च वाढला म्हणून एक रात्र कमी केली.

आणि तिचा रिसॉर्ट? तिथं नवऱ्यानं जायचं काही कारण मला दिसेना. विश्रांती जोडीनंच घ्यावी असा नियम कोणी केला कोण जाणे! ती जुलैत, आठवड्याच्या मधल्या वारी, स्वतःच्या बहिणीला आणि दोघींच्या मुलींना घेऊन एका रात्रीसाठी गेली. पावसात दर खूप खाली येतात. समुद्रात उतरायचं नाही हे गोंयकाराला सांगावं लागत नाही, जीवरक्षक तरीही शिट्ट्या मारत असतात. त्यानं तिला एकच सल्ला दिला: पूल चालू आहे का ते फोन करून विचार, डागडुजी याच दिवसांत काढतात. स्वतःच्या रिसॉर्टात त्यानं तिला पाठवलं नाही, ते बरंच केलं. सासूबाई मात्र चार दिवस धुसफुसत होत्या, “नवऱ्याला घरी ठेवून हॉटेलात?” म्हणून.

घरी हे करून बघायला हरकत नाही. फक्त एखाद्या कागदावर ‘पैसे मागावे लागतील’, ‘विचारल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही’ अशा ओळी उतरल्या, तर प्रश्न सुट्टीचा राहत नाही. अशा वेळी मी दोघांना वेगवेगळं बोलावते.

यंदा सासूबाईंनी काशी काढली आहे. “त्यांनाही कागद द्यायचा का?” सुनेनं फोनवर विचारलं. द्या, म्हटलं. लिहायचा कंटाळा केला तर त्यांनी सांगावं नि नातीनं लिहून घ्यावं.