मुलगी विचारते, आदाम खरा की डार्विन?

प्रश्न : मी चर्चमधे संडे स्कूल शिकवते. मुलगी बारावीला आहे, बायोलॉजी तिचा जीव की प्राण. परवा जेवताना म्हणाली, मम्मी, माणूस उत्क्रांतीतून आला तर मग देवाने आदामाला घडवलं सांगणारं बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक खोटं का? मला काही बोलताच आलं नाही. मंडळीतले एक जण म्हणतात तिला बायोलॉजी सोडायला लावा. काय करू? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : ताई, बायोलॉजी अजिबात सोडायला लावू नका. मी स्वतः ख्रिस्ती, कॉलेजात हाच विषय शिकवतो, आणि हा प्रश्न मलाही विशीत छळायचा, झोप उडायची अक्षरशः.

आधी सायन्सचं सांगतो. आपली गुणसूत्रं ४६, चिंपांझीची ४८. दोघांचा पूर्वज एकच, तर मग दोन गेली कुठे? तर आपलं दुसऱ्या नंबरचं गुणसूत्र हे पूर्वीची दोन जोडून झालंय, कारण जी रचना एरवी गुणसूत्राच्या टोकाला असते ती याच्या बरोब्बर आत, जोडाच्या जागी सापडते. असे पुरावे ढिगाने आहेत, तिला ते खोटे आहेत असं सांगाल तर ती तुमच्यावरचा विश्वास घालवून बसेल, आणि मग देवावरचाही.

आता उत्पत्ती. दोघी मिळून पहिले दोन अध्याय सलग वाचा. पहिल्यात सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग सूर्याआधीचे तीन दिवस कसले? पहिल्यात प्राणी आधी माणूस नंतर, दुसऱ्यात माणूस आधी घडवलाय आणि प्राणी नंतर. म्हणजे लिहिणाऱ्याला क्रम सांगायचाच नव्हता, हे सगळं कोणाचं आहे ते सांगायचं होतं. आणि पहिल्याच अध्यायात देव भूमीला सांगतो की तू प्राणी उपजव, हे वाक्य मला फार आवडतं. हे काही डार्विनला घाबरून काढलेलं नवीन नाही बरं का, संत ऑगस्टिन पाचव्या शतकातच बजावून गेले की बायबलच्या नावाखाली निसर्गाबद्दल चुकीचं बोलू नका, लोक हसतील आणि आपला बाकीचा संदेशही ऐकणार नाहीत.

डार्विनचं पुस्तक आलं १८५९ मधे, आणि अमेरिकेत त्याची बाजू घेणारा मोठा माणूस होता आसा ग्रे, वनस्पतीशास्त्रज्ञ आणि पक्का प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती. आपल्या काळात फ्रान्सिस कॉलिन्स, माणसाचा सगळा डीएनए वाचणाऱ्या मानवी जीनोम प्रकल्पाचे तेव्हाचे प्रमुख, आधी नास्तिक होते, २७ व्या वर्षी ख्रिस्ताकडे आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९६ मधे मान्य केलं की उत्क्रांती ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही.

खरी अडचण वेगळीकडे आहे आणि ती तिच्यापासून लपवू नका. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो आदामामुळे मरण आलं, पण जीवाश्म तर सांगतात माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून प्राणी मरतायत. काही जण म्हणतात पौल देवापासून तुटण्याच्या मरणाबद्दल बोलतोय, मला ते बरंचसं पटतं, पण एवढ्या जिवांचं दुःख कशासाठी, यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, प्रार्थनेत मी अजूनही देवाला हेच विचारतो.

तिला एका रविवारी तुमच्या वर्गात बोलवा. ती फळ्यावर गुणसूत्रं काढून दाखवेल, मग तुम्ही उत्पत्तीचा पहिला अध्याय मोठ्याने वाचा, आणि पोरांना काय विचारायचंय ते विचारू द्या.