फॉर्म्युला वनमधून जुने नावाजलेले ट्रॅक का जातात?

तुमचा प्रश्न असा आहे: जुने ट्रॅक धोकादायक म्हणून काढतात असं ऐकलंय, मग बेल्जियममधल्या स्पाची शर्यत आता एक वर्षाआड का करतायत आणि जर्मनीसारख्या देशात एकही शर्यत कशी नाही?

धोक्यापायी जे ट्रॅक गेले ते साधारण १९५५ ते १९७६ या काळात. त्यानंतरचे बहुतेक पैशापायी गेले. कॉमेंटेटर मंडळी दोन्हींचा उल्लेख एकाच हळहळीत करून टाकतात, त्यामुळे गोंधळ होतो.

१९५०चा पहिला मोसम घ्या. शर्यती सातच होत्या: सिल्व्हरस्टोन, मोनॅको, इंडियानापोलिस, ब्रेमगार्टन, स्पा, रँस आणि मोंझा. यातले चार अजून आहेत. म्हणजे जुनं ते सगळं गेलं, हे काही खरं नाही.

ब्रेमगार्टन हा बर्नजवळचा जंगलातला ट्रॅक. ११ जून १९५५ला ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत मर्सिडीज गर्दीत घुसली आणि ऐंशीहून जास्त प्रेक्षक मेले. अपघात फ्रान्समधला, पण स्वित्झर्लंडनं आपल्याकडच्या ट्रॅकवरच्या शर्यतींवरच बंदी घातली. त्यामुळे १९५४ची स्विस ग्रांप्री तिथली शेवटची ठरली. रँस म्हणजे शेतांमधून जाणारे सार्वजनिक रस्ते, शर्यतीपुरते बंद केलेले. तिथली शेवटची एफ वन १९६६ची. पण त्याचे पिट (गाड्या दुरुस्तीला थांबतात ती जागा) आणि प्रेक्षकांचे स्टँड आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत, हौशी मंडळींनी भिंतींवरच्या जुन्या जाहिराती पुन्हा रंगवल्यात आणि मधून रोजची वाहतूक चालते. इंडियानापोलिसला तर काहीच झालेलं नाही, तिथली ५०० मैलांची शर्यत आजही दणक्यात होते. २००० ते २००७ एफ वनही तिथे होती. त्यात २००५ला मिशेलिनचे टायर तिथल्या तिरक्या वळणावर टिकेनात म्हणून सहाच गाड्या धावल्या आणि तिकीट काढून आलेल्या लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली.

आता धोक्याबद्दल. जुना स्पा १४ किलोमीटरचा, गावांमधून जाणारा. १९६६ला पहिल्याच लॅपमध्ये पावसाची सर आली आणि चालक जॅकी स्ट्युअर्टची गाडी रस्त्याबाहेर गेली. स्टिअरिंगखाली पाय अडकलेला, कॉकपिटमध्ये पेट्रोल साचलेलं, एक ठिणगी पडली असती तर खेळ खलास. आसपास ना डॉक्टर ना मदतीची गाडी. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या दोन चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला, स्टिअरिंग सोडवलं आणि त्याला बाहेर काढलं. यात जवळजवळ पंचवीस मिनिटं गेली. पुढे स्ट्युअर्ट शर्यतीत पाना गाडीतच चिकटवून ठेवायचा. शर्यती सुरक्षित व्हाव्यात म्हणून त्यानं जे रान उठवलं त्याची सुरुवात इथली. त्याबद्दल त्याला भित्राही म्हटलं गेलं. म्हणणारे अर्थात स्टँडमध्ये बसलेले होते.

जुन्या स्पावर एफ वन १९७०ला थांबली. १९७९ला ट्रॅक निम्मा, म्हणजे सात किलोमीटरचा केला आणि १९८३ला एफ वन परत आली. आपण बघतो तो हा स्पा. ओ रूज आणि ब्लांशिमाँ ही वळणं राहिली, गावं वगळली. माझ्या मते जुन्या ट्रॅकची इतकी चांगली डागडुजी दुसरी झालेली नाही.

जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगची नॉर्डश्लाइफ, म्हणजे जुना लांब ट्रॅक, मात्र अशी कापता येण्यातली नव्हती. आयफेलच्या डोंगरात १९२७ला बांधलेली, २२.८ किलोमीटर, दीडशेच्या वर वळणं. १९७५ला फेरारीचा चालक निकी लाउडानं तिथे सराव फेरीत सात मिनिटांच्या आत लॅप मारला, ६ मिनिटं ५८.६ सेकंद. १९७६ला त्यानंच सगळ्या चालकांच्या बैठकीत ही शर्यत नको असं मांडलं आणि मतदानात तो हरला. १ ऑगस्टला बेर्गवेर्क या वळणाच्या आधी त्याची फेरारी धडकली, पेटली, आणि त्याला ओढून काढलं ते मागून आलेल्या मेर्त्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चालकांनी. लाउडा सहा आठवड्यांत मोंझाला परतला आणि चौथा आला, हे तुम्हाला माहीत असेलच.

पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तिथली एफ वन थांबवायचं त्या अपघाताआधीच ठरलेलं होतं. एवढ्या लांबीवर पुरेसे मार्शल आणि अॅम्ब्युलन्स कुठून आणायच्या? टीव्हीचे कॅमेरे किती लावायचे? प्रेक्षकालाही गाडी सात मिनिटांतून एकदाच दिसणार. अपघातानं त्या निर्णयावर शिक्का मारला, एवढंच. नॉर्डश्लाइफवर एफ वन परत यावी असं म्हणणारे मला भेटतात तेव्हा मी वाद घालत नाही, विषय बदलतो.

आता तुमच्या प्रश्नाचा मुख्य भाग, पैसा. एफ वनची शर्यत भरवायची तर आयोजकाला दरवर्षी यजमानपदाची भलीमोठी फी भरावी लागते. बदल्यात बहुतेक ठिकाणी त्याच्या हातात उरतं ते मुख्यतः तिकिटांचं उत्पन्न. टीव्हीचे हक्क, ट्रॅकवरच्या मोठ्या जाहिराती, बड्या पाहुण्यांची सरबराई, हे सगळं एफ वनकडे. मंगल कार्यालयवाल्यानंच वऱ्हाडाला पैसे द्यायचे, आहेर वऱ्हाडानं न्यायचा आणि यानं पार्किंगच्या पावत्या फाडून खर्च भागवायचा, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार.

सिल्व्हरस्टोनचे आकडे उघड झाले होते म्हणून सांगतो. २०१०च्या करारात फी १ कोटी १५ लाख पौंड होती आणि दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढायची. २०१७पर्यंत ती १ कोटी ६२ लाखांवर गेली. शर्यतीच्या दिवशी लाखाच्या वर प्रेक्षक, तरीही मालक असलेल्या ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबला २०१५ आणि २०१६ दोन्ही वर्षी तोटाच. शेवटी २०१७ला क्लबनं करार मधेच मोडण्याचं कलम वापरलं, आणि २०१९ला नवा करार झाला तेव्हा कुठे ब्रिटिश ग्रांप्री वाचली. गर्दी खेचणाऱ्या सिल्व्हरस्टोनची ही कथा, तर बाकीच्यांचं काय! सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

जर्मनीचं तेच झालं. शूमाखर आणि फेटेलसारखे जगज्जेते चालक, मर्सिडीज, सगळं असून न्युर्बुर्गरिंग (नॉर्डश्लाइफ नव्हे, तिथला नवा छोटा ट्रॅक) आणि हॉकेनहाइम आळीपाळीनं शर्यत घेऊनही थकले. न्युर्बुर्गरिंगला तर राज्य सरकारनं ट्रॅकशेजारी मनोरंजन केंद्र आणि रोलर कोस्टर उभारण्याचा उद्योग केला. २०१२ला सगळा डोलारा दिवाळखोरीत गेला आणि रोलर कोस्टर जेमतेम काही दिवस चालला. २०१५ आणि २०१७ला जर्मन ग्रांप्री झालीच नाही, २०१९ला हॉकेनहाइमची झाली ती मर्सिडीजच्या प्रायोजकत्वावर. २०२०ला कोविडमुळे वेळापत्रकात जागा रिकाम्या पडल्या म्हणून न्युर्बुर्गरिंगच्या छोट्या ट्रॅकवर एक शर्यत झाली. तिथेच हॅमिल्टननं शूमाखरच्या ९१ विजयांशी बरोबरी केली. त्यानंतर काही नाही. जेद्दा (सौदी), लुसैल (कतार), यास मरीना (अबू धाबी) यांच्यामागे सरकारी तिजोऱ्या आहेत, जर्मन करदाता मात्र खिशात हात घालायला तयार नाही. मला तरी त्यात जर्मनांचं काही चुकतंय असं वाटत नाही.

आपल्याकडेही वेगळं काय झालं? ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट काही जुना नव्हे, पण २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यतींत आटोपला. २०१३ला मी स्टँडमध्ये होतो. फेटेल जिंकला, चौथं विजेतेपद नक्की झालं, सरळ पिटमध्ये जायचं सोडून त्यानं समोरच गाडी गरागरा फिरवली, उतरला आणि गुडघे टेकून गाडीला नमस्कार घातला. धुरात काही दिसत नव्हतं आणि लोक वेड्यासारखे ओरडत होते. नंतर त्याला ताकीद मिळाली आणि त्याच्या रेड बुल टीमला दंड झाला, २५ हजार युरो. ट्रॅक उत्तम होता, चालकांनाही आवडायचा. घोडं अडलं ते करांवर: राज्याच्या लेखी ही शर्यत खेळ नव्हे, करमणूक, म्हणून करमणूक कर, शिवाय एफ वनच्या कमाईवर आयकराचा वाद, तो २०१७ला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एफ वनच्या विरोधात लागला.

यात आणखी एक प्रकार असतो, नाव तेच पण ट्रॅक दुसराच. मला सगळ्यात जास्त दुःख याचं होतं. २००१पर्यंतचा हॉकेनहाइम जवळपास ६.८ किलोमीटरचा होता. स्टेडियममधून गाड्या बाहेर पडायच्या त्या थेट झाडीत, लांबच लांब सरळ रस्ते, मधे शिकेन (वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं), इंजिनाचा नुसता कस. सरळ रस्त्यासाठी विंग (गाडीला रस्त्यावर दाबून ठेवणारं पंख) बारीक ठेवावी तर स्टेडियममधल्या वळणांवर गाडी घसरणार, अशी टीमची कायमची पंचाईत. जिम क्लार्क १९६८ला इथेच, फॉर्म्युला टूच्या शर्यतीत गेला, तेव्हा कडेला बॅरिअरसुद्धा नव्हते. पण २००२पर्यंत ते सगळं बदललं होतं. तेव्हा हा ट्रॅक कापला तो मुख्यतः प्रेक्षकांना गाड्या दिसाव्यात म्हणून. ट्रॅकचा आराखडा करणाऱ्या हर्मान टिल्केनं तो ४.५७ किलोमीटरवर आणला, जंगलातलं डांबर उखडलं आणि तिथे झाडं लावली. म्हणजे परतीचा रस्ताच ठेवला नाही. आणि एवढं करूनही शर्यत गेलीच.

स्पाचं आताचं प्रकरण म्हणजे वाढत्या मागणीपुढे केलेली तडजोड. वेळापत्रकात चोवीस शर्यती, आत यायला रांग लागलेली, आणि स्पामागे वालोनिया प्रांताचं सरकार असलं तरी त्याची ऐपत आखाती देशांइतकी नाही. नेदरलँड्समधल्या झांडफोर्टनं तर स्वतःहूनच हात वर केले. सरकारी मदतीशिवाय, स्टँड खचाखच भरत असताना, २०२६ची शर्यत शेवटची असं आयोजकांनीच जाहीर केलं. तोट्यात जायच्या आत थांबलेलं बरं, असा त्यांचा हिशोब.

एफ वन गेली म्हणजे ट्रॅक मेला असं मात्र समजू नका. एफ वन गमावलेले ब्रँड्स हॅच (इंग्लंड) आणि वॉटकिन्स ग्लेन (अमेरिका) मजेत चालू आहेत. नॉर्डश्लाइफवर चोवीस तासांची शर्यत होते, आणि सप्टेंबर २०२५मध्ये एफ वनचा जगज्जेता व्हेरस्टॅपननं फेरारीची जीटी३ गाडी घेऊन तिथली चार तासांची शर्यत जिंकली. तिथली तिकिटंही एफ वनच्या मानानं किरकोळ असतात.

आणि स्पाला जायचा बेत असेल तर २०२६ ते २०३१च्या करारात २०२८ आणि २०३०ला शर्यत नाही. २०२७, २०२९ किंवा २०३१ धरा, आणि रेनकोट घेऊन जा.