वहीतला सर्वांत नियमित महिना

या वेळचे पत्र 24 वर्षांच्या एका वाचक मुलीचे आहे. ती लिहिते: "ताई, मला तेराव्या वर्षी पाळी आली. गेल्या दीड वर्षापासून ती फार मागेपुढे होते. यंदाच्या तारखा वहीत लिहिल्या आहेत: 4 जानेवारी, 11 फेब्रुवारी, 4 एप्रिल, 3 मे, 20 जून. एप्रिलमध्ये इतका उशीर झाल्यावर मी घाबरले आणि पुन्हा लांबू नये म्हणून मैत्रिणीने दिलेल्या पाळी येण्याच्या गोळ्या महिनाअखेरीस पाच दिवस घेतल्या. तो एकच महिना वेळेवर गेला. सोनोग्राफीत अंडाशयात सिस्ट असल्याचे लिहिले आहे. हनुवटीवर केस येतात, ते मी दार लावून आरशासमोर उपटते. आईला यातले काही माहीत नाही. मला मूल होणार नाही का? दर 28 दिवसांनी पाळी यावी म्हणून मी काय करू?"

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना कागदावर दिवस मोजले. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजले, तर तुमची अंतरे 38, 52, 29 आणि 48 दिवसांची येतात. यातल्या 29 दिवसांमुळे तुम्हाला दिलासा मिळाला आहे आणि नेमका तोच आकडा मला बाजूला काढून ठेवावासा वाटतो. गोळ्या घेऊन थांबवल्यावर काही दिवसांत जो रक्तस्राव होतो, तो गोळ्यांतले हार्मोन अचानक कमी झाल्यामुळे होतो. त्यासाठी अंडाशयातून बीज सुटलेले असावे लागत नाही. म्हणजे तुमच्या वहीतला सर्वांत नियमित दिसणारा महिना हा तुमच्या शरीराने ठरवलेला महिना नाही. त्या रक्तस्रावातून एक उपयोगी गोष्ट मात्र कळते: गर्भाशयाचे अस्तर तयार झालेले होते, आणि ही माहिती डॉक्टरांच्या कामाची आहे.

पाळीची तारीख कशी ठरते, हे समजले की निम्मी भीती कमी होते. मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि पिट्यूटरी ग्रंथी अंडाशयाला संदेश पाठवतात, तिथे एक बीज पक्व होऊन बाहेर पडते आणि ते बाहेर पडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. हा दुसरा टप्पा बहुतेक स्त्रियांमध्ये फारसा बदलत नाही. लांबतो तो पहिला, बीज पक्व होण्याचा. तुमच्या 52 दिवसांच्या चक्रात बीज सुटले असेलच, तर ते अडतिसाव्या दिवसाच्या आसपास सुटले असावे. कदाचित सुटलेही नसेल आणि अस्तर वाढत जाऊन स्वतःच गळले असेल. थोडक्यात, पाळी "अडकून" बसत नाही आणि अंगात घाण साठत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण या एका गैरसमजापायी किती मुली घाबरून गोळ्या घेतात, हे मला पत्रांतून दिसते.

28 दिवस ही सरासरी आहे, परीक्षेतले उत्तीर्ण होण्याचे गुण नव्हेत. प्रौढ स्त्रीची पाळी 21 ते 35 दिवसांनी येत असेल आणि दर वेळी आठवडाभर मागेपुढे होत असेल, तर तिला अनियमित म्हणण्याचे कारण नसते. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आणि ती कायमची बंद होण्याआधीच्या काही वर्षांत यापेक्षा जास्त चढउतार होतात. तुम्ही मात्र या दोन्ही टोकांपासून दूर आहात आणि 38, 52 व 48 हे आकडे त्या मर्यादेबाहेरचे आहेत, म्हणून "होईल आपोआप ठीक" असे सांगून मी तुम्हाला परत पाठवणार नाही. तुम्हाला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हवे.

सोनोग्राफीतला "सिस्ट" हा शब्द वाचून तुम्हाला गाठी आठवल्या असणार. पीसीओएस म्हणजे हार्मोनचे संतुलन बिघडून पाळी अनियमित होण्याचा एक विकार; त्यात दिसणारे ते बारीक फुगे म्हणजे बहुधा पूर्ण न वाढलेल्या बीजांच्या पिशव्या असतात. त्या कापून काढायच्या नसतात. शिवाय केवळ सोनोग्राफीवरून हे निदान होत नाही. 2003 साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित बीजनिर्मिती, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणे आणि सोनोग्राफीतील अंडाशयाचे विशिष्ट स्वरूप या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात, आणि त्याआधी थायरॉइड व प्रोलॅक्टिन (दूध तयार होण्याशी संबंधित हार्मोन) तपासून इतर कारणे वगळावी लागतात. तुमची लांबणारी पाळी आणि हनुवटीवरचे केस पाहता डॉक्टर हा विचार नक्की करतील. म्हणून दार लावून उपटलेल्या त्या केसांबद्दल त्यांना आवर्जून सांगा. लाजेपोटी गाळलेली हीच गोष्ट निदानाला सर्वांत जास्त मदत करू शकते. गर्भधारणेची शक्यता असेल तर तेही सांगा, कारण पाळी लांबली की पहिली तपासणी तीच असते आणि ती न करता पाळीच्या गोळ्या घेणे योग्य नाही.

मूल होणार नाही, असा निष्कर्ष या तारखांवरून निघत नाही. बीज कधी सुटेल याचा अंदाज बांधणे अवघड जाते, त्यामुळे वेळ लागू शकतो. पण अशा अनेक स्त्रियांना आपसूक दिवस जातात आणि गरज पडल्यास बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलसारखी औषधे डॉक्टर देतात. मूल नको असेल, तर अनियमित पाळीच्या भरवशावर राहू नये, हेही तितकेच खरे.

उपचार कारणावर अवलंबून असतात. वजन जास्त असेल तर ते पाच टक्क्यांनी कमी झाले तरी काहींची पाळी सुधारते. उलट फार कमी खाणे आणि अतिव्यायाम यांनीही ती थांबते, म्हणून घाईने उपाशी राहू नका. पीसीओएस निघाले तर रक्तातील साखर आणि रक्तदाबही तपासून घ्या. सलग 90 दिवस पाळी आली नाही, तर वाट पाहू नका: बीज न सुटता अस्तर वर्षानुवर्षे जाड होत राहणे गर्भाशयासाठी चांगले नाही आणि त्याच्या रक्षणासाठी डॉक्टर नियमाने गोळ्या देतात. औषधाचे नाव तेच असू शकते, पण मैत्रिणीने दिलेल्या पाच गोळ्या आणि हा उपचार एक नव्हेत. तासाला एक पॅड भिजत असेल आणि असे दोन-तीन तास चालले, किंवा चक्कर येऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आईला सांगावे, असे मला वाटते. सगळे एकदम सांगण्याची गरज नाही, "माझी पाळी लांबते, डॉक्टरांकडे जायचे आहे, सोबत येशील का?" एवढे पुरेसे आहे. जाताना ती वही आणि सोनोग्राफीचा अहवाल बरोबर न्या, रक्तस्राव किती दिवस चालला ते प्रत्येक तारखेपुढे लिहा आणि 3 मेच्या समोर "गोळ्यांनंतर" अशी नोंद करायला विसरू नका.