कागदावर भारी असलेला फोन घ्यावा की हातात बरा वाटणारा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांसाठी 25 हजारांपर्यंतचा फोन घ्यायचाय, दोन निवडलेत. पहिल्यात 200 मेगापिक्सेलचा कॅमेरा, 12 जीबी रॅम, कडांना वळलेला डिस्प्ले आणि बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या ॲपचा, आकडाही दणदणीत. दुसऱ्यात 50 मेगापिक्सेल, 8 जीबी, सपाट डिस्प्ले. बाबांनी दुकानात दोन्ही हाताळले आणि दुसरा पसंत केला. आता हार्डवेअर बघायचं की बाबांची पसंती?

बाबांचं ऐका. का ते सांगतो.

मी इंदूरला जेल रोडवर मोबाइल दुरुस्ती करतो, नऊ वर्षं झाली. ‘भिया, फोन भोत अटक रिया हे’ हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकतो त्याला गणती नाही. गिऱ्हाइकाला वाटतं प्रोसेसर जुना झाला. मी सेटिंगमध्ये जाऊन आधी स्टोरेज बघतो. बहुतेकदा 128 पैकी जेमतेम दोन-तीन जीबी शिल्लक असते, बाकी सगळे सुप्रभातचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ. ते साफ केले की तोच फोन पळायला लागतो.

स्टोरेज किती आहे ते पेटीवर मोठ्या अक्षरांत छापतात, कुठल्या जातीचं आहे ते बारीक, नाहीतर छापतच नाहीत. स्वस्तातल्या फोनांत अजून ईएमएमसी मिळतं. ते एका वेळी एक तर वाचतं नाहीतर लिहितं, सराफ्याच्या गल्लीत समोरून गाडी आली की आपण थांबतो तसं. ईएमएमसी 5.1 ची मर्यादा कागदावरच सेकंदाला 400 एमबी. यूएफएस या दुसऱ्या, वेगवान जातीत जा-ये एकाच वेळी चालते, आणि 3.1 ची मर्यादा 2900 एमबीपर्यंत जाते. ॲप उघडताना, अपडेट सुरू असताना हाच फरक जाणवतो. तुमच्या किमतीत यूएफएसच असायला हवं, पण कुठलं ते दुकानदाराला विचारा. आणि पेटीवर ‘12+12 जीबी’ असं लिहिलेलं असेल तर भुलू नका. दुसरे 12 म्हणजे स्टोरेजमधूनच उसने घेतलेले असतात, खऱ्या रॅमची सर त्यांना नाही.

बेंचमार्कच्या नादाला मीही लागलो होतो, नाव घेत नाही त्या कंपनीचा फोन होता. आकडा असा की शेजारच्या दुकानांतली पोरं बघायला यायची. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे आमच्याकडची रंगांची मिरवणूक, बघायला गेलो. मार्चचं ऊन, आजूबाजूला मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी, आणि मी मोठ्या ऐटीत फोर के, सेकंदाला 60 फ्रेमवर शूटिंग लावलं. सातव्या-आठव्या मिनिटाला पडदा आपोआप काळवंडला. मिसाइलमधून, म्हणजे रंग उडवणाऱ्या यंत्रातून, गुलालाचा पहिला मोठा लोट वर उडाला आणि नेमका तेव्हा कॅमेरा बंद: ‘फोन गरम झाला आहे’. मामेभावाने त्याच्या तीन वर्षं जुन्या, साध्या फोनवर फुल एचडीत सगळी गेर टिपली. घरी आजीने टीव्हीवर लावून बघितली ती त्याचीच.

फोर केच्या एका फ्रेममध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, 60 फ्रेम म्हणजे 30 च्या दुप्पट काम. तेवढी उष्णता टाकायला फोनला पंखा नाही, आहे ते पातळ अंग. मग तो स्वतःच वेग कमी करतो. बेंचमार्क पाच-दहा मिनिटांत, बहुतेक गार खोलीत आटोपतो, तिथे हे दिसत नाही. आकड्यांचा खेळ मोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नाही. 2022 मध्ये सॅमसंगचं एक सॉफ्टवेअर इतर ॲपांचा वेग दाबतं आणि बेंचमार्कचा मात्र नाही, हे उघडकीला आलं. गीकबेंच या बेंचमार्क ॲपने सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 10 पासून एस 22 पर्यंतच्या मालिका आपल्या यादीतून काढून टाकल्या.

कॅमेऱ्यावर फार लिहीत नाही. 200 मेगापिक्सेलचा सेन्सर एरवी सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो. ॲपलने 2015 च्या 6एसपासून 2021 च्या 13 पर्यंत मुख्य कॅमेरा 12 मेगापिक्सेलचाच ठेवला, आणि त्या फोटोंबद्दल कुणी रडलेलं मला आठवत नाही.

वळलेल्या डिस्प्लेबद्दल मात्र कळकळीने सांगतो, कारण तो माझ्या टेबलावर येतो. त्याच्यावर साधं टफन (पडद्यावर चिकटवायची काच) बसत नाही, कडा उचलतात. यूव्ही ग्लास लावायची तर पातळ गोंद ओतून दिव्याखाली सुकवावा लागतो, आणि हात जरा चुकला की तो गोंद स्पीकरच्या जाळीत नाहीतर बटणात शिरतो. फोन पडला तर कड आधी जाते आणि मग अख्खं फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, बदलायचं. त्याचा भाव सांगितला की गिऱ्हाईक खुर्ची शोधतं. धंदा म्हणून मला हे परवडतं, बाबांना परवडणार नाही.

बोटाच्या ठशाचंही तसंच. रामबागेतल्या एक काकू फोन घेऊन आल्या, ‘हा मला ओळखतच नाही रे’. पडद्याखालचा ऑप्टिकल सेन्सर पडद्याच्या उजेडात बोटाचा फोटो काढतो, आणि काकूंची बोटं भांडी आणि कणीक यांनी कोरडी, गुळगुळीत झालेली. अंगठा दाबायच्या, फोन थरथरायचा, पुन्हा दाबायच्या. तोच अंगठा मी दोनदा नोंदवला, तेव्हा कुठे दहातल्या आठ वेळा उघडायला लागला. बाबांच्या वयाला कडेच्या बटणातला सेन्सर त्यातल्या त्यात बरा.

तेव्हा खरेदीच्या दिवशी दुपारीच जा, आणि दुकानदाराने नाक मुरडलं तरी फोन घेऊन दारात उन्हात उभे राहा. पेटीवरचे 4500 निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) एचडीआर, म्हणजे जास्त उजळ दिसणाऱ्या खास व्हिडिओत, पडद्याच्या इवल्याशा तुकड्यावर मिळतात. उन्हात यूपीआयचा क्यूआर वाचता येतो का, तेवढं बघा. रस्त्याच्या कलकलाटात एक व्हॉइस मेसेज ऐका. अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या साइटवर वाचा, दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. बँकेची ॲप्स जुनी अँड्रॉइड पुढे नाकारायला लागतात.

एक राहिलंच. बाबांनी जुन्या फोनवर अक्षरं किती मोठी केली आहेत ते बघून ठेवा आणि दुकानातल्या डेमो फोनवर तेवढीच करा. मग ते रोज वापरतात ती ॲप्स उघडा. अक्षरं मोठी केली की काही ॲपांत खालचं ‘पुढे’चं बटण पडद्याबाहेर जातं, आणि माणूस काउंटरवर येऊन म्हणतो की टच गेलाय.